बाजूच्या पट्ट्या

२५ नोव्हेंबर, सोमवार

आज समाजमंदिराच्या खिडक्यांना काळे कागद लावले. सकाळची डाक वाटून मी अकराला पोचलो, तर सुरभी मॅडम एकट्याच स्टुलावर चढून चिकटपट्टी ओढत होत्या. पुसदच्या आहेत. अजून शिकतात, हे काम त्यांच्या पीएच.डी.चं आहे. मला काका म्हणतात. त्यांचे सर, रजत सर, मोठ्या शहरातल्या संस्थेत असतात आणि फोनवरून सूचना देतात.

काम मला समजलं तसं लिहून ठेवतो. बाईला अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसवायचं. समोरच्या पडद्यावर मधोमध एक चकती, तिच्यात काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. त्या भराभर लुकलुकतात. चकतीच्या मध्यावर लाल टिपका, नजर तिथे ठेवायची. कधी चकती एकटी असते, कधी तिच्या भोवती तशाच पट्ट्यांचं मोठं कडं येतं. डोक्याच्या मागच्या भागाला तारा चिकटवतात, कारण डोळ्याने पाहिलेलं मेंदूत तिथे पोचतं. भोवती कडं आलं की मेंदू मधल्या चकतीला कमी दाद देतो आणि संगणकावरची लाट लहान होते. सगळ्या माणसांची होते म्हणे. आमच्या तांड्यातल्या बाया लहानपणापासून बारीक कशिदा काढतात, धागे मोजतात. त्यांची लाट किती लहान होते, एवढंच त्यांना मोजायचं आहे.

मला घेतलं कारण मी डाकसेवक, घरोघरी ओळख, आणि मराठी व गोरबोली, म्हणजे आमची बंजारा बोली, दोन्ही बोलतो. गळ्यात अडकवायचं कार्ड दिलं आहे, ‘क्षेत्र सहायक’. मला त्याचं काही नाही. सुनीलने, माझ्या धाकट्या भावाने विचारलं तेव्हा उलटं झालेलं कार्ड फक्त सरळ केलं.

पहिलं भांडण आजच झालं. सरांना बायांची डोकी उघडी हवी होती. मी फोनवर स्पष्ट सांगितलं, तसं होणार नाही. शेवटी मी तोड काढली. मॅडम तारा चिकटवतील तेव्हा मी बाहेर. चिकटवून झालं की बाई तारांवरून ओढणी घेईल. मग मी आत जाईन, पडद्याजवळ उभा राहून आमच्या बोलीत सूचना देईन आणि संपेपर्यंत तिथेच थांबेन. बायांना अंधारात एकटं बसायला भीती वाटेल, घरचा माणूस समोर असला म्हणजे बरं.

सर म्हणाले, “ठीक आहे, देवीलालजी, तुम्ही म्हणाल तसं.” आठ बाया तयार झाल्या. माझ्यामुळे झाल्या.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आज मापन सुरू झालं. पहिली मानीबाई काकी. सत्तरी ओलांडली, पण सुईत दोरा स्वतः ओवते. केसांना दोन दिवस तेल लावायचं नाही म्हणून आधीच चिडलेली. मॅडमनी डोक्याला चिकट मलम लावल्यावर म्हणाली, “पोरी, ह्या तारेतून माह्या मनातलं समजते का? तसं असन तं माह्या नवऱ्याबद्दलचं काही लिहू नको. लखीरामले पन्नास वर्षांत पहिल्यांदाच समजन.”

मॅडम हसून हसून मागे वाकल्या. काकी मला मुलासारखं वागवते, त्यामुळे मोकळी बसली, ओढणी मागे टाकून, टक लावून. कडं आलं की तिची लाट लहान झाली. मॅडम म्हणाल्या, पुस्तकात असते तशीच.

दुसरी बबिता, सुनीलची बायको. एकोणीस वर्षांत ती माझ्याशी थेट एक शब्द बोललेली नाही आणि मी तिच्या तोंडाकडे पाहिलेलं नाही. मी जेठ, म्हणजे तिचा थोरला दीर आहे, आमच्यात असंच असतं. मी पडद्याशेजारी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो आणि भिंतीलाच सूचना दिल्या. मॅडम तिच्या पाठीमागे संगणक घेऊन. बबिता इतकी स्थिर बसली की चुड्याचा आवाजही आला नाही.

तिची लाट कमी झालीच नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

राग अजून गेलेला नाही.

आठही बाया झाल्या. मानीबाई, रुपीबाई आणि रामीबाई ह्या माझ्या तिन्ही म्हाताऱ्या काक्यांचं पुस्तकाप्रमाणे आलं. बाकी पाच जणी, माझ्या धाकट्या भावांच्या आणि चुलत भावांच्या बायका, त्यांच्या लाटेला कड्याचा काही फरकच पडत नाही. सरांचा फोन आला. मॅडमचा हात तारांच्या गुंत्यात होता म्हणून त्यांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला. मी आत आहे हे सरांना माहीत नव्हतं.

“सुरभी, हा कचरा आहे. झोपल्या असतील. नाहीतर इकडेतिकडे बघत असतील. अशा बायकांना एका टिपक्याकडे बघ म्हटलेलं कळत नाही. तुला आधीच सांगितलं होतं.”

मॅडम म्हणाल्या, “सर, मधल्या चकतीची लाट चांगली मोठी येते. बघत नसत्या तर आली नसती.”

“मग तुझ्या त्या पोस्टमनने काहीतरी भलतं सांगितलं असेल.”

पोस्टमन. कालपर्यंत देवीलालजी होतो.

फोन ठेवल्यावर मॅडमनी मला विचारलं, “काका, तुम्ही आत गेल्यावर त्यांना नेमकं काय सांगता? आणि त्या कशा बसतात, तुम्हाला दिसतं ना समोरून?”

मी म्हणालो, “म्हणजे तुमचाबी माह्यावर भरवसा नाही. जे लिहून देल्लं तेच सांगतो. आणि भावजयीच्या तोंडाकडे पाहाची आमच्यात रीत नाही.”

“तसं नाही काका, मी फक्त...”

मी चप्पल घालून निघालो. परसात बसून, हात जराही न कापता कशिद्यात फुलाची पाकळी काढणारी बबिता. ओढणीच्या काठावर एक टाका चुकला तर पूर्ण ओळ उसवणारी. तिला टिपक्याकडे बघ म्हटलेलं कळत नाही? संध्याकाळी देवघरात सेवाभायापुढे दिवा लावला. नेहमी मन बसतं. आज वात तीनदा विझली आणि तिसऱ्यांदा मी देवासमोर शिवी दिली. लिहायला लाज वाटते, पण दिली.

७ डिसेंबर, शनिवार

रजत सर स्वतः आले. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो, तर त्यांनी दारातच माझे दोन्ही हात धरले.

“देवीलालजी, हे फार मोठं निघालं! पाच जणींचं अगदी एकसारखं. चूक असती तर इतकं सारखं आलं नसतं. ह्या स्त्रियांचा मेंदू आजूबाजूची गर्दी बाजूला सारतो. आयुष्यभराच्या कशिद्याने मेंदू घडला आहे!”

मॅडमनी विचारलं, “मग म्हाताऱ्यांचं काय? त्यांनी तर जास्त वर्षं कशिदा काढला.”

“वय झालं की मेंदू सैल पडतो,” सर म्हणाले.

मानीबाई काकी बाहेर ओट्यावर बसून ऐकत होती. मला म्हणाली, “काय सैल पडलं म्हणते रे हा?”

मी सांगितलं नाही.

सरांबरोबर उमरखेडचा एक बातमीदार होता. त्याने समाजमंदिरासमोर फोटो काढला. सरांनी मला शेजारी उभं केलं आणि कार्ड दिसेल असं पुढे घ्यायला लावलं. चार दिवसांपूर्वी अडाणी होतो, आज अद्भुत. राग गेला का? थोडा गेला, खरं सांगतो. खोटं कशाला लिहू. फोटोत मी बरा दिसतो.

१२ डिसेंबर, गुरुवार

पेपरात आलं. ‘तांड्यातील महिलांचा अद्भुत मेंदू’. चौकटीत चकतीचं आणि भोवतीच्या कड्याचं चित्रही आहे. सरपंचांनी बावीस तारखेला सत्कार ठेवला आहे, ढाणकीला फलक छापायला टाकला. आज डाक वाटताना तीन गावांत लोकांनी थांबवून विचारलं. बाया विहिरीवर एकमेकींना ‘अद्भुत’ म्हणून हाका मारतात आणि हसतात.

मॅडम मात्र गप्प आहेत. त्यांचं नाव बातमीत नाही म्हणून असेल.

१४ डिसेंबर, शनिवार

काय लिहू. दुपारपासून तेच डोक्यात आहे.

दुपारी जेवून आतल्या खोलीत पडलो होतो. बाहेर ओसरीवर माझी बायको सुखीबाई आणि बबिता कशिदा घेऊन बसल्या होत्या. मी जागा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. बोलणं आमच्या बोलीत चाललं होतं, इथे मराठीत उतरवतो.

बबिता म्हणाली, “बाई, पेपरात ते चित्र आलं ना, त्यात चकतीभोवती मोठं कडं आहे. मले तं ते एकदाबी नाही दिसलं.”

सुखीबाई म्हणाली, “आंधळी झाली काय?”

“अवं, जेठजी सामने उभे. घुंगट का डोक्यावर टाकून बसू? दोन बोटं घालून फट केली, त्यातून लाल टिपकं दिसे. टिपक्यावरच नजर ठेवा म्हणे, म्या तेच केलं. बाजूले काय होतं ते देवाले माहीत.”

“बाकीच्याइचं?”

“सगळ्याइचं तसंच. माह्या तं बोटाले मुंग्या आल्त्या.”

दोघी पोट धरून हसल्या.

मी उठून दारात गेलो. बबिताने झटकन घुंगट ओढला आणि दोन बोटं कडेला गेली. कपाळापासून हनुवटीपर्यंत कापड, मध्ये रुपयाएवढी फट. जन्मभर मी हे पाहत आलो आहे. पाहिलं नाही, असं म्हणायला हवं.

मी सुखीबाईकडे बघून ओरडलो, “हिले सांगता नाही आलं? पंधरा दिस झाले! पेपरात छापून आलं! सत्कार ठेवला!”

सुखीबाई सुई हातातच ठेवून म्हणाली, “ते खोकं इचारत नाही, डायरेक्ट डोक्यातून काढते, असं तुमीच तं सगळ्याइले सांगून राह्यलते. तिले कोणी इचारलं, काय दिसते म्हणून?”

मी शेताकडे गेलो. तुरीला चांगल्या शेंगा लागल्या आहेत. बांधावर उभं राहून मी बबिताला मनातल्या मनात जे बोललो ते इथे लिहीत नाही. एका बाईच्या संकोचापायी सगळ्या तांड्याची शोभा होणार.

१६ डिसेंबर, सोमवार

मॅडमना सांगितलं. मला वाटलं, रडतील. त्या खुर्चीवर बसल्या, ओढणी घेतली, डोक्यावरून पुढे ओढली, दोन बोटांची फट केली आणि मला पडदा सुरू करायला लावला. दोन मिनिटं बघत राहिल्या.

“कडं नाही दिसत,” त्या म्हणाल्या. “वरचं-खालचं, बाजूचं, सगळं कापडाआड. मेंदूने काही बाजूला सारलं नाही काका. त्याच्यापर्यंत पोचलंच नाही.”

मग हळूच, “म्हणून मी त्या दिवशी विचारलं होतं.”

मी पडदा बंद केला.

त्यांनी माझ्यासमोर सरांना फोन लावला. सरांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, “तू स्वतः पाहिलंस का घुंगट? नाही ना? मग ही ऐकीव गोष्ट आहे. बंगळुरूच्या परिषदेत माझं व्याख्यान लागलंय. देवीलालजींकडून एक कागद सही करून घे, मी पाठवतो.”

१७ डिसेंबर, मंगळवार

कागद आला. मॅडमनी वाचून दाखवला. ‘सर्व सूचना नियमाप्रमाणे देण्यात आल्या. सहभागी महिलांच्या दृष्टीसमोर कोणताही अडथळा नव्हता.’ खाली माझं नाव छापलेलं, सहीला जागा.

मॅडम म्हणाल्या, “काका, मी सही करा म्हणणार नाही, करू नका असंही नाही म्हणणार. माझी पीएच.डी. त्यांच्या हाताखाली आहे.”

मी सरांना फोन केला. सत्तावीस वर्षं मी डाक वाटतो. दुसऱ्याच्या कागदावर अंगठा घेताना कधी खोटा साक्षीदार झालो नाही.

सर गोड बोलले. “देवीलालजी, विचार करा. तुमच्या समाजाबद्दल इतकं चांगलं कोणी कधी छापलं होतं का? कुणाचं नुकसान आहे यात?”

“साहेब, तुमी पयले म्हणाले, आमच्या बायाइले समजत नाही. मंग म्हणाले, आमच्या बाया जगावेगळ्या. दोन्ही येळा तुमी त्याइच्या तोंडाकडे पाह्यलं नाही.”

“तुम्ही पाहिलं होतं का?”

मी फोन बंद केला. त्या माणसाने असं बोलावं! रीतीभाती त्याला काय कळणार.

१९ डिसेंबर, गुरुवार

मॅडमनी सरांना न विचारता पाचही जणींना पुन्हा बसवलं. आता सूचना सुखीबाईने दिल्या. मी समाजमंदिरापासून लांब, लिंबाखाली बसलो. मला तिथे बसायलाही सुखीबाईनेच सांगितलं.

“जवळ बसलो तं काय होते?”

“तुमचा खोकला आयकू आला तरी त्याइचा हात घुंगटाले जाते,” ती म्हणाली.

आतून हसण्याचे आवाज येत होते. माझ्या वेळी एकदाही आले नव्हते. सुखीबाई सूचना देत होती की टिंगल करत होती, कोण जाणे. कोणाला भीती वाटल्याचं काही दिसलं नाही.

चार वाजता मॅडम बाहेर आल्या. “पाचही जणींची लाट लहान झाली काका. मानीबाईंसारखी. माझ्यासारखी. सगळ्यांसारखी.”

मी म्हणालो, चांगलं झालं. पण मनातून तसं वाटलं नाही. मला ती लाट मोठी हवी होती. देवा, मला ती मोठी हवी होती.

२० डिसेंबर, शुक्रवार

छापील कागद फाडला नाही. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला स्वतःच्या अक्षरात लिहिलं. ‘पहिल्या मापनाच्या वेळी पाच महिलांनी घुंगट घेतल्यामुळे त्यांना पडद्याचा बाजूचा भाग दिसला नाही. त्यांनी ही गोष्ट सांगितली नाही. त्यामुळे ते मापन चुकीचं धरावं. घुंगट न घेता केलेल्या दुसऱ्या मापनात इतर माणसांपेक्षा वेगळं काही आढळलं नाही.’ खाली सही, तारीख.

मॅडमनी वाचला. दुसरी ओळ त्यांनी पुन्हा वाचली. सोमवारी सरांना, संस्थेला आणि परिषदेला पाठवणार आहेत. त्यांनीही खाली सही केली. पोरीत हिंमत आहे, मी उगाच संशय घेतला.

सरपंचांकडे जाऊन सत्कार रद्द करायला सांगितलं. ते म्हणाले, “फलक छापून आला, आता काय करू, चुलीत घालू?” मी म्हणालो, घाला.

२१ डिसेंबर, शनिवार

आज डाक वाटून झाल्यावर आठही घरी गेलो. मीच तयार केल्या होत्या, मीच सांगायला हवं.

मानीबाई काकी म्हणाली, “मंग माह्यं सैल नाही ना पडलं?” पहिल्यापासून तुझंच बरोबर होतं, असं सांगितल्यावर तिने लखीरामकाकाला दोनदा मोठ्याने ऐकवलं.

शेवटचं घर सुनीलचं. सुनील शेतात होता. बबिता दाराआड. मी नेहमीप्रमाणे अंगणाकडे तोंड करून बोललो, घरात कोणी लहान मूल असेल तर ते निरोप पोचवेल असं समजून. मूल नव्हतं. मी कागदावर काय लिहिलं ते सगळं सांगितलं आणि निघालो.

“थांबा,” दाराआडून आवाज आला.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. माझा पाय उंबऱ्याखालीच थांबला.

“आमी घुंगट घेतला असं लिहिलं. आमी सांगितलं नाही असंबी लिहिलं. म्हंजे चूक आमचीच लिहिली तुमी.”

मी वळलो नाही. “जे झालं ते लिहिलं.”

“घुंगट कोणासाठी घेतला, ते नाही लिहिलं? मॅडम मागे असताना आमची डोकी उघडीच होती. सुखीबाईच्या सामनेबी उघडीच होती. खोलीत आमाले कोणाचं भेव होतं? तुमाले कोणी बोलावलं होतं आत?”

मी म्हणालो, “तोंड सांभाळून बोल.”

हे मी म्हणालो. एकोणीस वर्षांनी ती बोलली, आणि मी हे म्हणालो.

दाराआड चुडा वाजला, ती आत गेली.

घरी येईपर्यंत मी तापलेला होतो. सुखीबाईला सांगितलं, तुझ्या जावेला जीभ फुटली. तिने पोळपाटावरून मान वर केली नाही. “खोटं बोलली काय?” एवढंच म्हणाली.

२२ डिसेंबर, रविवार

पहाटे आंघोळ करून देवापुढे बसलो. जप होईना. वही काढून पहिल्या दिवशीचं पान वाचलं. भीती वाटेल असं मी लिहिलं आहे. आठ जणींपैकी एकीलाही मी विचारल्याचं कुठे लिहिलेलं नाही, कारण विचारलंच नव्हतं. घरचा माणूस समोर हवा, असं मला वाटलं. मला समोर असायला हवं होतं, एवढंच त्यात खरं आहे. रजत सरांवर, बबितावर, पेपरवाल्यावर, त्या पोरीवरसुद्धा महिनाभर जळलो. ज्याच्यावर जळायला हवं होतं तो रोज गळ्यात कार्ड घालून खोलीत उभा होता.

नवा कोरा कागद घेतला.

‘पहिल्या मापनाच्या वेळी मी, देवीलाल, स्वतःच्या हट्टाने खोलीत थांबलो. पाच महिला नात्याने माझ्यासमोर तोंड उघडं ठेवू शकत नाहीत, हे मला माहीत होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही आणि त्यांना काय दिसतं हे विचारलं नाही. मॅडमनी मला विचारलं, तेव्हा मी रागावून निघून गेलो. मी खोलीत होतो म्हणून त्यांना पडद्याचा बाजूचा भाग दिसला नाही. मी नव्हतो तेव्हा दिसला. महिलांची यात काही चूक नाही.’

अकराला मॅडमच्या खोलीवर गेलो. त्या सामान बांधत होत्या. त्यांनी कागद दोनदा वाचला.

“काका, हे बंगळुरूपर्यंत जाईल. तुमच्या नावासकट. घरातल्या गोष्टी आहेत ह्यात. असंच पाठवू?”

“असंच पाठवा,” मी म्हणालो.

इतक्या मोठ्याने म्हणालो की ती पोर दचकली.